आज दिसला नाही तो?

एखाद्या वस्तीत गतिमंद, स्वमग्न, डाऊन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेला माणूस सामावला आहे की नुसताच राहतो आहे, हे तपासायची एक साधी कसोटी आहे. तो सलग चार दिवस दिसला नाही, तर घरच्यांखेरीज कुणी विचारतं का? वाणी विचारतो का, वॉचमन विचारतो का, सकाळी फिरून येऊन कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात येतं का? बहुतेक सोसायट्यांत उत्तर नकारार्थी येतं. तिथली माणसं दुष्ट असतात असं मुळीच नाही. पण त्या वेळी तो कुठे असायला हवा होता हेच कुणाला ठाऊक नसतं, कारण कुठेच त्याची वाट पाहिली जात नसते.

खालची कृती त्याची वाट पाहिली जाईल अशी जागा तयार करण्याची आहे. शहरातली चाळीस-पन्नास बिऱ्हाडांची सोसायटी डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. चाळीत किंवा गावातल्या आळीत थोडा फरक करून चालेल. तिच्यात जागरूकता शिबिर नाही, पाहुण्यांचं भाषण नाही, ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचा फलकही नाही. शिबिराला लोक येतात, चहा घेतात, ‘फार छान उपक्रम’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्याच मुलाची नजर चुकवतात.

लागणाऱ्या गोष्टी: एक माणूस, त्याचं घर, चार ते सहा शेजारी, एक दोनशे पानी वही आणि साधारण वर्षभराचा वेळ. पैसे जवळजवळ लागत नाहीत. चिकाटी लागते, आणि ती त्याच्या आईकडून मागायची नाही. तिने ती आधीच भरपूर खर्च केलेली असते.

१. एकच घर धरा, आणि आधी त्याला विचारा

‘सोसायटीतल्या सगळ्या दिव्यांगांसाठी काहीतरी करू’ म्हणून सुरुवात केली की यादी होते, समिती होते, व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो आणि गाडी तिथेच थांबते. म्हणून एक घर धरा. ते शोधावं लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा सगळ्यांना माहीत असतो. तो दिवसभर काय करतो, हे मात्र कुणालाच माहीत नसतं.

तो बहुधा घरीच असतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे विशेष शाळा काही कालपरवाच्या नाहीत. मुंबईतली जय वकील १९४४ सालची, पुण्यातली कामायनी १९६४ची. कायदाही सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. पण अठरा पूर्ण झाली की दारात येणारी शाळेची गाडी यायची थांबते. एखाद्या संस्थेच्या कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक. नाही तर पुढचं आयुष्य टीव्ही, गॅलरी आणि आई यांच्यात जातं. बरोबरीच्या मुलांची शिक्षणं, लग्नं, बदल्या होत राहतात, आणि हा वस्तीच्या नजरेत दहा-बारा वर्षांचाच राहतो.

घरी जाताना दोघांनी जा. पेढे, फळं, सहानुभूती काही नेऊ नका. ‘जन्मापासूनच का?’, ‘अमक्या वैद्यांना दाखवलंत का?’, ‘तमक्या देवाचं केलंत का?’ हे प्रश्न त्या घराने वीस-पंचवीस वर्षं ऐकलेले आहेत. ‘आम्हाला याच्याशी ओळख करून घ्यायची आहे’ एवढं पुरतं. घरचे नको म्हणाले तर वाद न घालता परत या आणि महिनाभराने पुन्हा विचारा. त्या नकारामागे बहुतेक वेळा कुणाच्या तरी वाढदिवसाला न आलेलं आमंत्रण असतं, किंवा बागेत कुणी आपलं मूल ओढून लांब नेल्याची आठवण असते.

मग त्याच्याशी बोला. त्याच्याविषयी आईशी नव्हे. प्रश्न लहान ठेवा आणि विचारून झाल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ती शांतता फार लांबलचक वाटते आणि आपण घाईने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. त्याला तो नवा प्रश्न वाटतो आणि पहिल्याचं जुळत आलेलं उत्तर विस्कटतं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘हो’वर लगेच विश्वास ठेवू नका. बौद्धिक अक्षमता असलेली अनेक माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, किंवा शेवटी ऐकलेला शब्द उचलतात. ‘बागेत जायचं की दुकानात?’ याला ‘दुकानात’ असं उत्तर आलं, तर थोड्या वेळाने क्रम उलटा करून विचारा. तेव्हाही दुकानच आलं तर ते त्याचं उत्तर. बोलता न येणाऱ्यापुढे मोबाइलवरचे दोन फोटो ठेवा. बोट, नजर, हसू, मान फिरवणं यांतलं काहीही उत्तर असू शकतं. स्वमग्न माणूस बहुधा डोळ्याला डोळा देणार नाही. त्याचा हट्ट धरू नका. तो खिडकीबाहेर बघतही तुमचं सगळं ऐकत असू शकतो.

या भेटीत तीन गोष्टी वहीत उतरवा: त्याला काय आवडतं, काय सहन होत नाही आणि तो काय करू शकतो. तिसऱ्या प्रश्नाला घरून ‘काही नाही हो’ असं उत्तर आलं तर मान्य करू नका. ‘सकाळी उठल्यापासून काय काय करतो ते सांगा’ म्हणा. पाणी भरतो, कपड्यांच्या घड्या घालतो, आजोबांचा चष्मा शोधून देतो, वाण्याकडच्या सगळ्या साबणांचे रंग त्याला पाठ असतात. हे सगळं पुढे कामाला येतं.

२. चार वर्तुळं काढा

ही रीत कॅनडातून आली. टोरांटोत १९८०च्या सुमाराला जुडिथ स्नो नावाची तरुणी वृद्धांच्या शुश्रूषागृहात राहत होती, कारण शरीराची जवळजवळ काहीच हालचाल करता न येणाऱ्या माणसासाठी दुसरी सोय नव्हती. मार्शा फॉरेस्ट या शिक्षणतज्ज्ञ मैत्रिणीने आणि आणखी काहीजणांनी तिच्याभोवती जमून तिला तिथून बाहेर काढलं. त्या जमण्यातूनच ‘सर्कल ऑफ सपोर्ट’ ही कल्पना रुजली आणि पुढे बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठी अनेक देशांत वापरली गेली. आपण तिला आधारवर्तुळ म्हणू.

कागदावर एकात एक अशी चार वर्तुळं काढा. सगळ्यांत आतल्यात जिवलग माणसं, दुसऱ्यात मित्रमैत्रिणी, तिसऱ्यात ज्यांच्याबरोबर नेमाने काही करतो ती मंडळी, म्हणजे भजनी मंडळ, क्रिकेटचा गट, भिशी, ऑफिस, चौथ्यात पैसे घेऊन आपल्या आयुष्यात येणारे, म्हणजे डॉक्टर, शिक्षिका, रिक्षावाले. आधी तुम्ही स्वतःची वर्तुळं भरा. मग त्याची भरा, त्याला शेजारी बसवून.

बहुतेक वेळा चित्र असं निघतं: आतल्या वर्तुळात आई, बाबा आणि असली तर बहीण; चौथ्यात स्पीच थेरपिस्ट, न्यूरॉलॉजिस्ट, विशेष शिक्षिका, रिक्षावाले काका; मधली दोन कोरी. आई-बाबा म्हातारे होतात. चौथ्या वर्तुळातली माणसं कितीही जीव लावणारी असली तरी फी थांबली की त्यांचं येणं थांबतं. तुम्हाला भरायची आहेत ती मधली दोन वर्तुळं. एकदम दुसरं भरायला जाऊ नका. ‘आजपासून मी तुझा मित्र’ असं ठरवून मैत्री होत नसते, आणि महिनाभराने तो मित्र यायचा थांबला की आधीपेक्षा जास्त लागतं. तिसरं भरा. आपल्या सगळ्यांचं दुसरं वर्तुळ तिसऱ्यातूनच भरलं आहे.

३. त्याची वेळ आणि जागा ठरवा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून हिच्यावर दोन महिने गेले तरी चालतील. त्याला असं काम हवं ज्याला ठरलेली वेळ आहे, जे चार माणसांच्या डोळ्यांदेखत होतं आणि जे झालं नाही तर कुणाची तरी खरोखर गैरसोय होते. तिन्ही अटी लागतात. झाडांना पाणी घालण्याचं काम पहिलं सुचतं, पण ते एकट्याने होतं आणि माळी नंतर पुन्हा घालतोच. कुणाची वाट पाहणं त्यात येत नाही. गणपतीत स्टेजवर बोलावून नारळ देणं तर मुळीच नको. त्यात तो पाहुणा होतो.

चांगली उदाहरणं आजूबाजूलाच असतात. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर रोज सकाळी सातला पेपर आणून ठेवणं. संध्याकाळच्या आरतीला ताट आणि झांजा बाहेर काढणं. शनिवारी भाजीचा टेंपो आला की पिशव्या धरणं. रविवारच्या क्रिकेटमध्ये विकेट पडली की फळ्यावरचा आकडा बदलणं. वाचनालयात परत आलेली पुस्तकं नंबराने लावणं, जे अनेक स्वमग्न तरुण तुमच्या-माझ्याहून चोख करतात. व्हीलचेअरवरच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला सोसायटीच्या सभेची हजेरी टॅबवर घेता येते. तिला बोलायला वेळ लागतो, पण बुद्धी तुमच्याइतकीच, कदाचित जास्त, तल्लख असू शकते. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मतिमंदत्व, हा गैरसमज सुशिक्षित घरांतही पक्का आहे.

गावात या बाबतीत उलटी परिस्थिती असते. तिथे थेरपिस्ट पन्नास किलोमीटरवर. पण देवळातली घंटा, गुरं पाण्यावर नेणं, लग्नात पाणी वाढणं अशी कामं अशा माणसांकडे पिढ्यान्‌पिढ्या असतात आणि तो आला नाही तर गाव विचारतं. त्याच गावात त्याला ‘येडं’ म्हणून हाकही मारतात, पोरं चड्डी ओढतात, आणि मजुरी देताना हात आखडतो. तेव्हा गावाकडचं सगळं गोड होतं असं म्हणायचं कारण नाही. घ्यायचं ते एवढंच, की जागा आधी आणि शिकवणं नंतर. शहरात आपण वर्षानुवर्षं त्याला ‘तयार’ करत राहतो, जागा काही येत नाही.

जाता जाता: दिवाळीआधी कार्यशाळांमधल्या पणत्या, उटणं, आकाशकंदील, कागदी पिशव्या जरूर विकत घ्या. पण ती खरेदी या पायरीत धरू नका.

आणि कामाचे पैसे इतरांना मिळत असतील तर त्यालाही द्या, तेवढेच. बाकीचे फुकट करत असतील तर तोही फुकट करील.

४. काम तुकड्यांत शिकवा, शेवटाकडून

पेपरचंच काम घेऊ. आपल्याला ते एक काम वाटतं. त्याला ती आठ-नऊ कामं आहेत. चप्पल घालणं, दार ओढून घेणं, लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण दाबणं, वॉचमनच्या केबिनपाशी जाणं, दोन पेपर उचलणं, गाड्या बघून रस्ता ओलांडणं, कट्ट्यापर्यंत जाणं, पेपर ठेवणं, उडू नये म्हणून वर दगड ठेवणं. या प्रत्येकाचा त्याच्यासकट फोटो काढा, एका पट्टीवर ओळीने लावा आणि ती पट्टी दाराच्या आत, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा.

शिकवताना शेवटून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात बाकी सगळं बरोबरचा माणूस करील, तो फक्त दगड ठेवील. पुढच्या आठवड्यात पेपर ठेवणं आणि दगड ठेवणं. असं एकेक पाऊल मागे सरकत घरच्या दारापर्यंत या. विशेष शिक्षणातली ही जुनी, मुरलेली पद्धत आहे आणि तिच्यामागचा विचार सोपा आहे: काम पुरं झाल्याचं समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळतं. आजोबा ‘आला का पेपर!’ म्हणतात तेव्हा दगड त्याने ठेवलेला असतो. सुरुवातीपासून शिकवलं तर चप्पल घालण्यातच आठवडा जातो आणि कट्टा लांबच राहतो.

एका वेळी एकच सूचना द्या. ‘पेपर घे आणि नीट बघून ये आणि इकडेतिकडे थांबू नकोस हं’ यातलं त्याच्यापर्यंत शेवटचं ‘हं’ पोचतं. चुकलं तर न बोलता हाताने पुढची वस्तू दाखवा. रस्ता ओलांडण्याचा तुकडा सगळ्यांत शेवटी सुटा करा. तोवर सोबत हवीच, आणि काहीजणांना ती कायम लागेल. कायम सोबत लागते म्हणून काम त्याचं नाही, असं होत नाही.

५. शेजाऱ्यांना सांगणं: एक पान

घरच्यांच्या आणि त्याच्या संमतीने एका पानाचा कागद तयार करा. निदान, बुद्ध्यांक, औषधं यांतलं काही त्यात नको. ते घरचं आहे. त्याचा फोटो, नाव, तो रोज काय करतो, काय आवडतं, कशाचा त्रास होतो, कसं बोलायचं, आणि दोन फोन नंबर. शक्य असेल तर त्याच्याच तोंडी लिहा: ‘मी सात वाजता पेपर आणतो. मला घाई केली की मी अडकतो. कुत्रा भुंकला की मी कान झाकतो, तेव्हा माझा हात ओढू नका.’

हा कागद सगळ्या घरांत वाटायचा नाही. ज्यांची रोज गाठ पडते त्यांनाच, समोर बसून द्यायचा: वॉचमन, लिफ्टमन, वाणी, केशकर्तनालयवाले, कोपऱ्यावरचा रिक्षा स्टँड. केशकर्तनालयात तर आधी दोन वेळा नुसतंच जाऊन खुर्चीत बसून यावं. मशिनचा आवाज आणि मानेवर गळणारे केस अनेक स्वमग्न मुलांना असह्य होतात. दुपारी गर्दी नसताना कात्रीने केस कापून देणारे कारागीर मिळतात, विचारावं लागतं.

एक गोष्ट तोंडीच सांगा. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याच्या वयाच्या इतर पुरुषाला तुम्ही ‘अहो’ म्हणत असाल तर त्यालाही म्हणा. ‘तू’ म्हणत असाल तर तू. ‘बाळा’, ‘सोन्या’, गालगुच्चा बंद. लहान मुलांनी त्याला दादा म्हणावं. ‘चौकट राजा’ हा चित्रपट १९९१ साली आला. त्यातला दिलीप प्रभावळकरांचा गतिमंद नंदू आठवून आजही डोळे पुसणारी मंडळी आहेत आणि त्यांचं प्रेम खरंच आहे. पण तीच मंडळी शेजारच्या नंदूला पन्नाशीतही बाळ म्हणतात.

मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. ‘तो असे हात का हलवतो?’ ‘त्याला तसं केलं की बरं वाटतं. तू नाही का पाय हलवत बसतोस?’ मुलाचं समाधान होतं. ‘श्श, असं विचारू नये’ म्हटलं की त्या क्षणापासून भीती सुरू होते.

६. गणेशोत्सव

वर्षभराचं काम दहा दिवसांत बिघडू शकतं, म्हणून वेगळी नोंद. ढोलताशा आणि स्पीकरच्या भिंती यांचा आवाज ज्यांची श्रवणेंद्रियं अतिसंवेदनशील आहेत त्यांना दुखापतीसारखा लागतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतले आकडे तिच्या किती पलीकडे जातात हे सगळ्यांना माहीत आहे. कायदा काढून मंडळाशी भांडण्याआधी तीन गोष्टी मागा. एक, दहा दिवस रोज एक ठरलेला शांत तास, स्पीकर बंद, चमचमते दिवे बंद. त्या वेळी म्हातारी माणसं आणि तान्ह्या मुलांच्या आयाही येतात, म्हणून मंडळ सहसा हो म्हणतं. दोन, कार्यक्रमाचं वेळापत्रक चार दिवस आधी, म्हणजे घरी फोटो दाखवून तयारी करता येते. तीन, मांडवाजवळ एखादी रिकामी खोली किंवा पार्किंगचा पडदा लावलेला कोपरा, जिथे गर्दी नको झाली की जाऊन बसता येईल.

आणि आरतीचं ताट हे त्याचं काम असेल, तर ते त्याच्याच हातात राहू द्या. उत्सवात प्रमुख पाहुणे आले की ताट कुणीतरी पटकन काढून घेतं. हे आधीच कार्यकर्त्यांशी बोलून ठेवा.

७. फिट आली, हरवला

बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. फिट आली की आपल्याकडे लोक कांदा फोडतात, चप्पल हुंगायला देतात, तोंडात चमचा घालतात. यांतलं काही करायचं नाही. घड्याळ पाहा. आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, हातपाय दाबून धरू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी नाही. पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. हे वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. उपयोग बाकीच्यांनाही होईल.

हरवण्यासाठी अलीकडचा फोटो, उंची, अंगावर सहसा असणारे कपडे, तो कोणत्या हाकेला थांबतो आणि कुठे जायला आवडतं, हे एका कागदावर तयार ठेवा. शोधताना पहिली माणसं पाण्याकडे पाठवा: विहीर, तळं, पोहण्याचा तलाव, बांधकामाच्या साइटवरचे पाणी साठलेले खड्डे. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ अनेकदा फार असते आणि धोका तिथेच सगळ्यांत मोठा. घरातलं माणूस शोधायला बाहेर पडत असतानाच दुसऱ्याने ११२ला फोन करावा. ‘येईल थोड्या वेळात’ म्हणून तास घालवू नये.

८. भरवसा, पण उघड्या दाराने

हे लिहायला नको वाटतं, पण सोडता येत नाही. अशा माणसांचा गैरफायदा घेणारे बहुतेक वेळा ओळखीचेच असतात. म्हणून नियम सुरुवातीलाच सगळ्यांसाठी सारखे ठेवा, म्हणजे कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. बंद खोलीत एकट्या मोठ्या माणसाबरोबर थांबवायचं नाही. आंघोळ, कपडे, शौचाला मदत घरची किंवा घरच्यांनी नेमलेलीच व्यक्ती करील. त्याच्या पैशांचा हिशोब वहीत. आणि त्याला ‘नको’ म्हणायला शिकवा, लहानसहान गोष्टींत ते मानूनही दाखवा. दिवसभर सगळ्यांचं ऐकायला शिकवलेला माणूस नको त्या माणसाचंही ऐकतो. मुलींच्या बाबतीत ‘तिला काय कळतंय’ म्हणून शरीराविषयी काहीच न सांगणं हे सगळ्यांत धोक्याचं.

९. सभेत तक्रार आली तर

येईलच. ‘रात्री ओरडतो’, ‘आमची मुलं घाबरतात’, ‘फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होतो’ (हे शेवटचं उघड बोललं जात नाही). आईवडिलांना सभेत उभं करू नका. आधारवर्तुळातल्या, म्हणजे त्या चार-सहा शेजाऱ्यांपैकी, एकाने बोलावं. ओरडण्याला कारण असतं आणि ते वहीत सापडतं. तारीख, वेळ, आधी काय झालं, नंतर काय झालं, असं दोन आठवडे लिहा. पंपाचा आवाज, बदललेली कामवाली, बद्धकोष्ठ, दुखणारी दाढ असली कारणं निघतात. सांगता न येणाऱ्या माणसाची दाढ दुखली तर तो दुसरं करणार तरी काय?

तरीही कुणी चारचौघांत अपमान करत राहिलं तर २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. समाजात सगळ्यांसारखं राहण्याचा हक्क त्यात आहे, आणि हेतुपुरस्सर चारचौघांत अपमान करणाऱ्याला कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. हे सांगावं, पण दुसऱ्या सभेत. पहिल्याच सभेत कलम काढलं तर माणसं गप्प होतात आणि दार बंद करून घेतात.

१०. कागदपत्रं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलेलं नसेल तर काढा. बहुतेक सवलती त्यावरच मिळतात. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व येतात. त्यांच्यासाठी ‘निरामय’ या योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्याला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. अनेक घरांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. बँकेत किंवा वारसाहक्काच्या वेळी अडेपर्यंत बहुतेकजण थांबतात. शेजाऱ्याने करायचं ते एवढंच: एक सुट्टी काढून त्याच्या बाबांबरोबर कार्यालयात जाणं.

११. ‘आमच्यानंतर कोण?’

हा प्रश्न त्या घरात रोज असतो आणि बाहेर कधीच बोलला जात नाही. वर्ष होत आलं की तुम्ही तो काढा. उत्तर म्हणून ‘आम्ही आहोत ना’ म्हणू नका. ते वाक्य त्या आईने अंत्यविधींना, लग्नांना, सगळीकडे ऐकलेलं असतं. त्यापेक्षा महिन्याचा एक रविवार ठरवा. वर्तुळातली माणसं त्या घरी जमतील, तो स्वतः चहा देईल किंवा निदान बिस्किटं, आणि एकेक गोष्ट ठरेल. पुढच्या महिन्यात आईबाबा एका रात्रीसाठी लग्नाला जातील. त्या रात्री कोण थांबेल? सहा महिन्यांनी दोन रात्री. बहीण परगावी असेल तर तिला व्हिडिओ कॉलवर घ्या, पण सगळं तिच्या गळ्यात टाकायला नव्हे. ‘तू आहेसच’ हे तिने लहानपणापासून ऐकलं आहे. निवासी संस्था हाही एक मार्ग आहे आणि तो निवडणाऱ्या घराला नावं ठेवू नका. तिथे गेलेल्या माणसाला महिन्यातून एकदा भेटायला, दिवाळीला सोसायटीत आणायला वर्तुळ लागतंच.

वही या घरातच राहील. तिच्यात एव्हाना बरंच जमा झालेलं असेल. पण तो रात्री कोणत्या कुशीवर झोपतो, कोणत्या वाटीतून वरण खातो, ताप आला की कसा वागतो, कोणतं गाणं लावलं की शांत होतो, हे आईला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तिला ते सांगायचं सुचत नाही. दर रविवारी तिला एक प्रश्न विचारून एक पान भरा. औषधांचं पान वेगळं ठेवा: नाव, मात्रा, वेळ, डॉक्टर, कशाची ॲलर्जी. वर तारीख घाला, वर्तुळातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्या, आणि मात्रा बदलली की जुनं पान फाडून नवं लावा.